सूर कोण देणार?

८ जानेवारी

प्रिय मामा,

कागदावर लिहितेय, कारण मेसेज केला की तू अंगठा पाठवतोस. "कसा आहेस?" अंगठा. "घसा दुखतोय का?" अंगठा. "मामा, मी नोकरी सोडून सर्कशीत चाललेय" असं लिहिलं असतं तरी अंगठाच आला असता. आता मुकाट्याने पेन घे.

आई म्हणाली, स्वरतंतूवरची गाठ निघाली, गाठ साधी होती. जिवात जीव आला. तीन महिने एक शब्द काढायचा नाही म्हणे, कुजबुजसुद्धा नाही. आईला वाटतं तुला जमणार नाही. मला वाटतं तिला जमलं नसतं, तुला जमेल.

माझी काळजी वेगळीच आहे. गुरुवारी गायनमंडळाच्या सरावाला सूर कोण देणार? परवा इथे लॅबमध्ये सांगत होते, की आमच्या चर्चच्या गायनमंडळात पेटी नाही, पियानो नाही. माझा मामा डोळे मिटतो, घशातून एक "अं" काढतो आणि सगळे त्या "अं"वर चढून बसतात. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "मग मामांना सर्दी झाली की?" मी म्हटलं, "आमच्या मामाला सर्दी होत नाही." तेव्हा मला गाठीचं माहीत नव्हतं.

माझं बरं चाललंय. दिवसभर खोटे दात रंगवते. खरा दात पांढरा नसतो, हे मला इथे येऊन कळलं. मुळाशी पिवळट, टोकाला जरासा निळा. नुसता पांढरा केला की तोंडात दिवा लावल्यासारखा दिसतो. रंग ठरवायला खिडकीतला उजेड लागतो, म्हणून खिडकीजवळच्या टेबलासाठी आमच्यात रोज शीतयुद्ध.

बुधवारी संध्याकाळी इथल्या चर्चमध्ये बायबलचा वर्ग असतो. सध्या जुन्या करारातला बंदिवास चाललाय. शहर पडलं, मंदिर जळलं, लोकांना धरून बाबेलला नेलं. तिथे त्यांनी वाद्यं झाडांना टांगली आणि म्हणाले, परक्या मुलखात गायचं कसं? मला एकदम तू आठवलास. पण मामा, ते परत आले की! त्यांना पिढी गेली, तुला तीनच महिने. वाद्य टांगून ठेव, फेकू नकोस.

उत्तर लिही. अंगठा चालणार नाही.

तुझी,
वटवट

२१ जानेवारी

प्रिय वटवट,

घेतलं पेन. हातात घेतलं तर पुन्हा शाळेत गेल्यासारखं वाटलं.

माझी दशा ऐक. सोफ्याचं कापड ताणताना बारीक खिळे मी तोंडात धरायचो, ते डॉक्टरांनी बंद केलं. ठसका लागला तर टाके जातील म्हणे. आता खिळे वाटीत, वाटी गुडघ्यावर, आणि दर खिळ्याला मान खाली. गिऱ्हाईक आलं की पाटीवर लिहितो. लोक गमतीशीर असतात. मी मुका आहे म्हटल्यावर ते मोठ्याने बोलतात. काल एक बाई माझ्या कानाशी ओरडल्या, "हिरवं रेक्झिन हवं!" मी पाटीवर लिहिलं, "ऐकू येतं." त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

तुझी आई सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावते. म्हणजे मिठाची गुळणी धरून बसलोय, हे माझ्याबाबतीत अक्षरशः खरं आहे.

सरावाला जात नाही. जाऊन काय करू? खांबासारखा उभा राहू? मार्चमध्ये डॉक्टर आरसा घालून बघतील, मग जाईन. पाळकसाहेब येऊन गेले. भला माणूस, पण हातात कुठल्याशा स्पीकरचा कागद होता. "तोवर रेकॉर्ड केलेलं संगीत लावून बघू का?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांना कळलं नाही आणि मलाही नाही. एव्हाना आणला असेल.

तुझा बंदिवास वाचतोय. रात्री झोप येत नाही, त्यामुळे बरीच पानं झाली. एक विचारू? परत जाईपर्यंत ती माणसं करत काय होती? म्हणजे रोज सकाळी उठून? मी एक गोष्ट बंद केलीय. मनातल्या मनातही गुणगुणत नाही. जपून ठेवतोय सगळं.

तुझा मामा

ता. क. मी तुझी आई. हा सांगणार नाही म्हणून लिहिते. जेवत नीट नाही. पत्र उघडंच ठेवलं होतं, मी चोरून वाचलेलं नाही. तुझ्या खोलीत ओल येते का?

१३ मार्च

प्रिय मामा,

किती दिवसांनी लिहितेय, रागावू नकोस. कामाचा डोंगर होता. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दोन पूर्ण कवळ्या एकदम आल्या. दोघांना एकमेकांसारखेच दात हवेत म्हणे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर्गात सापडलं. बाबेलमधल्या लोकांना मागे राहिलेल्या एका संदेष्ट्याने पत्र पाठवलं होतं. पत्रच, आपल्यासारखं. त्याचा मथितार्थ असा, की बाबांनो, बोचकं बांधून दारात बसू नका. घरं बांधा, झाडं लावा, पोराबाळांची लग्नं करा. ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याचं भलं चिंता.

मामा, मी जानेवारीत चुकीचं लिहिलं होतं. मला वाटलं गोष्ट परत येण्याची आहे. तशी ती नाहीच. मंदिर होतं तोवर त्यांना वाटायचं देव मंदिरात आहे, झालं, आपलं काम संपलं. मंदिर गेल्यावर त्यांना तो आत शोधावा लागला. कुठलीच जागा नाही, होमार्पण नाही, तरी प्रार्थना करायला ते तिथे शिकले. म्हणजे बंदिवासात ते नवे झाले! बाहेरचं जे जातं ते आतलं उघडायलाच जातं. परत जाणं झालं काय, न झालं काय, खरी गोष्ट आत घडली. मी वर्गात हे बोलले तर सगळे वहीत लिहून घ्यायला लागले.

तर तूही असंच बघ ना. आवाज म्हणजे तरी काय? बाहेरची भिंत. कदाचित तुझ्यातही काहीतरी नवं

(इथे चहा सांडला, माफ कर)

नवं उमलत असेल.

तुझी,
वटवट

१९ मार्च

भाचीबाई,

जानेवारीत परत येण्याची गोष्ट होती. मार्चमध्ये परत येणं झालं काय, न झालं काय. मधे डॉक्टरांकडे माझ्याबरोबर तुझी आई आली होती. मी दूधखुळा नाही. आपल्या घरात देवाने मुकेपणा चुकीच्या भावंडाला दिला.

तर तुला माहीत आहे. एक तंतू हलत नाही. गाता येणार नाही. आज नाही, पुढेही नाही.

आता ऐक. नवं होण्यासाठी कोणी बंदिवासात जात नाही. त्यांना दोराने बांधून नेलं. कोणाची आई वाटेत मेली असेल. त्यांच्यातल्या एखाद्याने पुढे म्हटलं असेल, की इथे मला देव भेटला, तर त्याने म्हणावं. तो त्याचा हक्क. ज्याचं घर जळलं नाही त्याने राखेचे गुण सांगू नयेत. आम्ही जुनी खुर्ची सोलतो तेव्हा नवं कापड बसतं, खरंय. पण सोलताना खुर्चीला कोणी विचारत नाही, आणि बरं वाटतंय का असं तर मुळीच नाही.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. वहीत लिहून घ्यायला लोकही मिळतात.

पाळकसाहेबांना सांगितलंय, दुसरं बघा. जूनपासून स्पीकर लावणार आहेत. गायनमंडळ बंद. संपलं.

मामा

४ एप्रिल

मामा,

हो, माहीत होतं. आईने फोनवर सांगितलं आणि मी घाबरले. घाबरले की मला सिद्धान्त सुचतात. तू म्हणतोस ते सगळं खरं. वर्गात जायचं मी सोडलेलं नाही, पण आता गप्प बसते. काहींना वाटतं माझी दाढ दुखतेय.

उपदेश करत नाही. फक्त बातम्या देते.

बातमी एक: स्पीकर अजून आलेला नाही.

बातमी दोन: गुरुवारचा सराव बंद पडलेला नाही. तू जायचा थांबलास तेव्हापासून एकही गुरुवार चुकलेला नाही. सगळे येतात. खुर्च्या अर्धगोल मांडतात. तुझी जागा मोकळी. वह्या उघडतात. मग बसतात. पोस्टातल्या बाई थर्मासमधून चहा आणतात, तो पितात, वह्या मिटतात, खुर्च्या लावून घरी. एक सूर निघालेला नाही. आपल्या खर्जातल्या जाड्याने एकदा "मी देऊ का सूर?" म्हटलं तर बायका त्याच्याकडे अशा बघायला लागल्या, की तो म्हणाला, "नाही, मी सहज विचारलं." त्यांना वाटतं तुझं विश्रांतीचं चाललंय आणि तू येणार आहेस. आईने त्यांना काही सांगितलेलं नाही. तू शपथ घातलीस म्हणे. आई आणि गुपित! तुझ्यापेक्षा तिचाच चमत्कार मोठा.

बातमी तीन, ही विचारायची आहे: आई म्हणते डॉक्टरांनी आता बोलायला सांगितलंय. थोडं थोडं, रोज. तू अजून पाटीच धरतोस. का रे?

वटवट

२७ एप्रिल

प्रिय वटवट,

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. ता. क. नको.

आधी तुझ्या विचारण्याचं. बोलून बघितलं मी. दुकान बंद करून, शटर खाली ओढून, आरशापुढे. फाटक्या भात्यासारखा आवाज येतो. हवा जास्त, सूर काहीच नाही. माझा नव्हेच तो. बंद तोंडाने राहिलं की निदान लोकांच्या कानात जुना आवाज राहील, असं वाटलं. म्हणून पाटी.

तू मला चहाचं सांगितलंस आणि मी आठवडाभर कोणावर तरी चिडलो होतो. कोणावर ते ठरेना. चहा पिऊन घरी जातात! एवढी वर्षं शिकवलेली माणसं!

मग वाचत बसलो. तुझ्या वर्गात त्या दुसऱ्या संदेष्ट्याचं आलं का? जो शहर पडायच्या आधीच, पहिल्या खेपेला धरून नेलेल्या बंदिवानांमध्ये होता, कालव्याकाठी? तो मुका होता गं. मी उडालोच. देवानेच त्याची जीभ टाळूला चिकटवली होती. मधेच देव बोलायला लावेल तेवढंच बोलायचं, नाहीतर गप्प. आणि सुट्टी नव्हती त्याला. विटेवर शहराचा नकाशा कोरून तो रस्त्यात मांडून बसायचा. एका कुशीवर पडून राहायचा. डोकं भादरून केस तराजूत तोलायचा. लोक विचारायचे, काय चाललंय हे? माझ्या गिऱ्हाइकांसारखे. हाताने सांगायचा सगळं.

आणि त्याला पहिल्यांदा काय दिसलं माहितीये? देवाचं सिंहासन, मंदिरातून निघून त्या कालव्यावर आलेलं. त्याला चाकं होती. वटवट, मी आयुष्यभर खुर्च्यांना चाकं लावतोय आणि ही ओळ मी चर्चमध्ये किती वेळा ऐकली असेल. कधी कानात शिरली नाही. सिंहासन जमिनीत पुरलेलं नव्हतंच. मला वाटायचं ते माझ्या गळ्यात ठेवलंय.

आता शेवटचं, ज्याने मला चार रात्री झोपू दिलं नाही. त्याचं तोंड कधी उघडलं? मी समजत होतो, सुटकेची बातमी आल्यावर. नाही. एक पळून आलेला माणूस सांगायला आला, की शहर पडलं. आता परत जायला काही उरलं नाही. तेव्हा उघडलं. असलं कसलं औषध हे?

तू मार्चमध्ये लिहिलेलं सगळंच चूक नव्हतं. पण तेव्हा ते तुझं होतं. अजूनही पूर्ण माझं झालेलं नाही.

सरावाला गेलेलो नाही. गुरुवारी दोनदा चपला घातल्या.

मामा

२ मे

मामा,

आमच्या वर्गात तो भाग गाळला. विचित्र आहे म्हणाले.

मी सिद्धान्त मांडणार नाही. फक्त एवढंच, की त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही शहर पडलंय म्हणून. ते वाट बघत बसलेत, तुझ्या दारात, बोचकं बांधून. बातमी घेऊन जाणारा माणूस तूच आहेस.

वटवट

१८ मे

प्रिय वटवट,

गेलो.

सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर तुझी आई तिच्या पद्धतीने सांगेल आणि त्यात मी रडलो असं असेल.

गेलो तेव्हा चहा ओतणं चालू होतं. जाड्या उठला तो चहासकट. "आले! आले!" पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "आवाज आला का हो?" पाळकसाहेब मागच्या बाकावर बसले होते, जूनचं सांगायला आले असणार. तुझी आई तिच्या नेहमीच्या खुर्चीत खाली बघत होती.

पाटी मी नेली नव्हती. तोंड उघडलं आणि म्हणालो, "नाही. येणार नाही. आहे तो एवढाच."

त्यांनी तो ऐकला. फाटका भाता. मी त्यांची तोंडं बघत होतो आणि वाटत होतं, झालं, आता जुना आवाज यांच्या कानातूनही गेला. मग जाड्या म्हणाला, "एवढंच? आम्हाला वाटलं तुम्ही आमच्यावर रागावलात." आणि पोस्टातल्या बाई फणकारल्या, "मग आम्ही एवढे महिने चहा कशाला पीत होतो?"

हशा झाला. मी हसलो की ठिणग्या उडाल्यासारखा आवाज येतो, त्यावर ते पुन्हा हसले.

मी माझ्या जागी उभा राहिलो. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "पण सूर कोण देणार?" मी म्हणालो, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. हात वर केला आणि खाली आणला.

काय सांगू तुला. बाजार! प्रत्येकाचा सूर वेगळा. जाड्या तळघरात, बायका गच्चीवर. थांबवलं. पुन्हा हात. पुन्हा बाजार. तिसऱ्यांदा मी हात वर तसाच धरून ठेवला, आणला नाही खाली. खूप वेळ. खांदा भरून आला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, सवयीने. तिथे काही नाही म्हटल्यावर हळूहळू एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी अगदी बारीक आवाजात काढला. कोण ते मला दिसलं नाही. दुसरा त्याच्याजवळ सरकला, तिसरी त्या दोघांकडे. अंधारात जिना उतरताना माणसं एकमेकांचा हात शोधतात तसं. मी हात खाली आणला तेव्हा सूर होता.

माझ्यापेक्षा खाली होता. बराच. एवढी वर्षं मी त्यांना माझ्या पट्टीत ओढत होतो, हे मला कसं कळणार? त्यांच्या पट्टीत शिरा ताणल्या नाहीत कोणाच्या.

पूर्ण गाणं झालं. चुका झाल्या. जाड्या एका ओळीत चुकून आधी घुसला, कोणी थांबलं नाही. गाणं संपल्यावर पाळकसाहेब मागून पुढे आले. हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "रविवारी हेच?" मी मान हलवली. या वेळी ती हो होती.

तू विचारशील, म्हणून सांगतो. नवा झालो का? ते मला विचारू नकोस. गळा आहे तसाच आहे. रोज सकाळी उठल्यावर क्षणभर विसरतो आणि मग आठवतं. शहर पडलेलंच आहे.

पण एक आहे. इतकी वर्षं मी त्यांच्यात उभा राहून गात होतो. गाणारा माणूस स्वतःलाच ऐकतो, बाकीचं त्याला मागून येतंय एवढंच कळतं. परवा मी हात हलवत होतो, तोंड बंद, आणि बायकांच्या रांगेतून एक आवाज येत होता. जाडसर, साधा, न हलणारा. बाकीच्या सगळ्या जणी त्याला धरून होत्या. मला वाटलं कोणी नवी आलीय. मान वळवून बघितलं.

तुझी आई होती.

मामा